वाय-फाय विकून चार पैसे मिळतील काय? वैभववाडीच्या दुकानदारांसाठी एका जोडधंद्याचा हिशेब

बाजारात नवी चीज आली की तिच्याबद्दल दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. काही म्हणतात, यात पैसाच पैसा आहे. काही म्हणतात, हे शहरवाल्यांचे काम, आपल्याला काय त्याचे! दुकानातून गिऱ्हाइकाला पैसे घेऊन वाय-फायवर इंटरनेट देण्याच्या धंद्याबद्दलही सध्या अशीच दोन्ही बोलणी ऐकू येतात. आमच्या मते दोन्ही खरी नाहीत. या धंद्यावर संसार चालणार नाही. पण ज्याचे दुकान आधीच चालू आहे, ज्याच्या दारात लोक कशाची तरी वाट पाहत थांबतात आणि ज्याला स्वतःच्या कामासाठी इंटरनेट लागतेच, त्याच्यासाठी हा बऱ्यापैकी जोडधंदा होऊ शकतो. मात्र हिशेब आधी मांडला पाहिजे. तो हिशेब आम्ही येथे मांडत आहोत.

उदाहरणासाठी वैभववाडी घेतली आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला हा सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. मुंबई-गोवा महामार्गावरील तळेऱ्याहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता वैभववाडीतून करूळ घाट चढून गगनबावड्याला निघतो. कोकण रेल्वेचे वैभववाडी रोड हे स्टेशन येथलेच. म्हणजे गाव लहान, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. अशा गावात जे जमेल ते कोकणातल्या इतर बाजारपेठांतही जमेल.

पी.सी.ओ.चा धडा

आमच्या चाळिशीपुढच्या वाचकांना पिवळ्या पाटीचे एस.टी.डी.-पी.सी.ओ. चांगले आठवत असतील. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने देशी टेलिफोन एक्स्चेंज बनवले, फोनच्या लाइनी खेड्यांपर्यंत पोचल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यावर बूथ उभे राहिले. रात्री उशिरा दर चौथाईवर आला की बूथपुढे रांग लागायची. मुंबईला, कुवेतला, दुबईला असलेल्या मुलांशी बोलायला आईबाप तासन्‌तास बसून राहायचे. अपंग बांधवांना आणि विधवा भगिनींना या बूथने रोजी दिली. मीटरवर आकडा पडायचा, त्यातले कमिशन बूथवाल्याचे.

मग ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाईल कॉल झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बूथ ओस पडले. पण सगळेच बूथवाले बुडाले नाहीत. ज्यांनी बूथला झेरॉक्सची जोड दिली, फॅक्स ठेवला, पुढे मोबाईल रिचार्ज आणि दुरुस्ती सुरू केली, त्यांची दुकाने आजही उभी आहेत. ज्यांनी फक्त काचेची खोली आणि एक फोन एवढ्यावर भिस्त ठेवली, त्यांना शटर ओढावे लागले. वाय-फायच्या धंद्यात उतरताना हा धडा डोळ्यांपुढे ठेवावा. पी.सी.ओ. दुर्मीळ वस्तू विकत होता. वाय-फायवाला स्वस्त वस्तू विकतो. म्हणून त्याचा नफा वस्तूत थोडा आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकात जास्त आहे.

सरकारी योजना काय आहे?

९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पी.एम.-वाणी’ या योजनेला मंजुरी दिली. तिची कल्पना दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, या संस्थेने २०१७ सालीच मांडली होती, आणि ती पी.सी.ओ.वरूनच उचललेली आहे. जसे पब्लिक कॉल ऑफिस, तसे पब्लिक डेटा ऑफिस. थोडक्यात पी.डी.ओ.

योजनेत चार भाग आहेत. पहिला पी.डी.ओ., म्हणजे आपला दुकानदार. चहावाला, किराणावाला, शिंपी, सायकलवाला, कोणीही. त्याने इंटरनेटची लाइन घ्यायची आणि वाय-फायचे यंत्र लावायचे. दुसरा भाग म्हणजे अशा अनेक दुकानदारांना एकत्र जोडणारी कंपनी. तिला पी.डी.ओ.ए. म्हणतात. गिऱ्हाइकाला प्रवेश देणे, किती डेटा वापरला त्याचा हिशेब ठेवणे हे काम तिचे. तिसरा भाग म्हणजे मोबाईलमधले ॲप, ज्यावर गिऱ्हाइकाला जवळचे वाय-फाय दिसते. चौथा म्हणजे या सर्वांची मध्यवर्ती नोंदवही. ती सी-डॉट सांभाळते. ज्या संस्थेने पी.सी.ओ.च्या काळात एक्स्चेंज दिले, तिच्याकडेच आज ही वही आहे.

दुकानदाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पी.डी.ओ.ला दूरसंचार खात्याचा परवाना लागत नाही, खात्याकडे नोंदणी लागत नाही आणि खात्याची फीही नाही. नोंदणी फक्त जोडणाऱ्या कंपनीला आणि ॲपवाल्याला करावी लागते, आणि तीही बिनफीची आहे. आपण अशा नोंदणीकृत कंपनीशी करार केला की काम सुरू करता येते.

गिऱ्हाईक काय करते? ते मोबाईलवर ॲप घेते, एकदा आपला नंबर टाकते, त्यावर आलेला ओ.टी.पी. भरते. मग जवळचे वाय-फाय निवडते, दहा-वीस रुपयांचा पास घेते आणि इंटरनेट वापरते. पैसे बहुधा मोबाईलवरूनच येतात. त्यातला ठरलेला वाटा दुकानदाराच्या खात्यात जमा होतो.

गाडे अडले कुठे?

योजना चांगली होती, तरी ती धावली नाही. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वाय-फायचे लक्ष्य ठेवले होते. २०२४ साल संपत आले तेव्हा पी.एम.-वाणीची ठिकाणे दोन लाखांच्या वर होती. एक कोटी कुठे आणि दोन-अडीच लाख कुठे!

कारण सरळ व्यापाराचे होते. घाऊक मालाचा भाव किरकोळीपेक्षा जास्त असेल तर दुकान कसे चालेल? नेमके तेच झाले. घरात जी फायबर लाइन महिन्याला पाचसातशे रुपयांत मिळते, ती दुकानदाराने लोकांना विकण्यासाठी मागितली की कंपन्या त्याला ‘लीज्ड लाइन’ घ्यायला सांगत. ट्रायच्याच म्हणण्यानुसार तिचा दर घरगुती लाइनच्या कित्येक पट पडत होता. दहा रुपयांचे पास विकून असे बिल कोण भरणार?

१६ जून २०२५ रोजी ट्रायने यावर आदेश काढला. २०० एम.बी.पी.एस. वेगापर्यंतचे सर्व घरगुती फायबर प्लॅन कंपन्यांनी पी.डी.ओ.ला उपलब्ध करून द्यावेत आणि त्याचा दर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा अधिक असू नये, असे त्यात ठरले. दुप्पट हाही काही स्वस्त भाव नव्हे. पण पूर्वी जे अशक्य होते ते आता हिशेबात बसू लागले आहे. लाइन घ्यायला गेल्यावर कोणी महागडी लीज्ड लाइनच घ्या म्हणून अडून बसला, तर या आदेशाची तारीख त्याला सांगावी.

बंगळूर आणि फिलिपिन्स

हा धंदा आपल्या आधी दोन ठिकाणी करून पाहिला गेला आहे, त्यातून शिकण्यासारखे आहे. बंगळूरमध्ये २०१६ च्या सुमारास ‘वायफाय डब्बा’ नावाच्या कंपनीने चहाच्या टपऱ्या आणि बेकऱ्या धरल्या. दुकानात यंत्र बसवले आणि डेटाचे छोटे टोकन विकायला दिले. दोन रुपयांत १०० एम.बी., वीस रुपयांत एक जी.बी. चहासोबत दोन रुपयांचे टोकन, असा साधा व्यवहार. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आले आणि मोबाईल डेटाचा भाव कोसळत गेला. वीस रुपयांना एक जी.बी. हा भाव काही वर्षांतच महाग वाटू लागला, आणि पुढे याच कंपनीला आपले दर खूप खाली आणावे लागले.

फिलिपिन्स देशात लहान किराणा दुकानांबाहेर ‘पिसो वायफाय’ची पेटी लटकलेली असते. एक पेसोचे नाणे टाकले की काही मिनिटे इंटरनेट. गरीब वस्तीत ही पेटी चांगली चालली. पण एकाने लावली की शेजाऱ्यानेही लावायची आणि मिनिटे वाढवून द्यायची, अशी चढाओढही लागली.

दोन्हींचा बोध एकच. डेटाचा भाव तुमच्या हातात नसतो. म्हणून मोठे भांडवल गुंतवू नये आणि दर ठरवताना मोबाईल रिचार्जचा भाव नेहमी समोर ठेवावा. आपल्याकडे रेलटेल कंपनीने मार्च २०२१ मध्ये रेल्वे स्टेशनांवर वाय-फायचे पैसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला अर्धा तास मोफत आणि पुढे दिवसाला दहा रुपयांत पाच जी.बी. असा दर ठेवला. महिन्याचा पास शंभर रुपयांच्या आत होता. लोकांच्या मनात वाय-फायची किंमत साधारण याच घरात बसते. त्याच्या फार वर जाऊन विक्री होणार नाही.

वैभववाडीत गिऱ्हाईक कोण?

आता कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये डेटा असताना वाय-फाय कोण घेणार? प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की सर्वच जण घेणार नाहीत, पण काही जण नक्की घेतील. ते कोण, हे नीट ओळखावे.

पहिले गिऱ्हाईक म्हणजे थांबलेला माणूस. एस.टी.ची, रेल्वेची, मोबाईल दुरुस्त होण्याची, कपड्याला काज-बटण होण्याची वाट पाहणारा. गाडी उशिरा असली की स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यालाही वेळच वेळ असतो. रोजचा दीड जी.बी. दुपारपर्यंत संपवणारे तरुण कमी नाहीत, आणि जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवल्यापासून वरचा डेटा विकत घेताना माणूस विचार करतो.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या वाडीत रेंज नाही तो. डोंगराच्या कुशीत, दरीच्या तोंडाशी असलेल्या घरांत सिग्नल येतो आणि जातो. अशा माणसाला सातबारा काढायचा असतो, मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, आखातात असलेल्या भावाशी समोरासमोर बोलायचे असते. तो बाजारात आला की ही कामे उरकून जातो. या कामांना डेटा थोडा लागतो, पण तो अखंड लागतो. व्हिडिओ कॉल मध्येच तुटला तर तो पैसे देणार नाही.

तिसरे गिऱ्हाईक विद्यार्थी. महाविद्यालयात जाणारी, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले महिन्याचा पास घेतात. गावात एखादी अभ्यासिका असेल, किंवा जमातीच्या सभागृहात ती काढता येण्यासारखी असेल, तर तेथे हे यंत्र उत्तम चालेल. चार टेबले, पंखा, शांतता आणि इंटरनेट असले की मुले कणकवलीला जाणार नाहीत.

चौथे गिऱ्हाईक हंगामी. मे महिन्यात, गणपतीत, शिमग्याला, ईदला मुंबईकर गावी येतात. आता त्यांतले काही जण लॅपटॉप घेऊन येतात आणि गावातून मुंबईचे काम करतात. त्यांच्यासाठी सात किंवा पंधरा दिवसांचा पास ठेवावा. पावसाळ्यात नापणे धबधब्याला येणारे पर्यटक हेही याच वर्गात धरावेत.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. केवळ रस्त्याने जाणाऱ्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवू नये. २०२४ साली करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद झाला आणि वाहतूक दुसऱ्या घाटांनी वळली. घाटावरच्या गाड्यांवर ज्यांचा चहा-वडा चालत होता त्यांना ते वर्ष कसे गेले, हे त्यांनाच विचारावे. गावचे कायमचे गिऱ्हाईक आधी जोडावे, वाटसरू हा वरकड समजावा. तसेच स्टेशनजवळ धंदा करायचा असेल तर आधी स्टेशनातली वाय-फायची सोय पाहून यावी. कोकण रेल्वेने २०१७ मध्ये कोलाडपासून मडुऱ्यापर्यंतच्या २८ स्थानकांवर एका खाजगी कंपनीमार्फत वाय-फाय सुरू केले होते. जे आत फुकट मिळते ते बाहेर विकले जात नाही.

भांडवल आणि हिशेब

आता आकड्यांकडे वळू. खालील आकडे समजण्यापुरते आहेत. लाइनचा दर, यंत्राची किंमत आणि कंपनीचा वाटा आपापल्या ठिकाणी विचारून आपला हिशेब आपण मांडावा.

समजा घरगुती लाइन रु. ५०० ची आहे. दुप्पट दराने पी.डी.ओ.ला ती रु. १,००० ला पडली. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरून रु. १,१८० झाले. वाय-फायचे बरे यंत्र, वायर आणि वीज गेल्यावर यंत्र चालू ठेवणारी छोटी बॅटरी मिळून रु. ५,४०० खर्च आला आणि ते सामान तीन वर्षे चालले, तर महिन्याला रु. १५० घसारा. वीज महिन्याला रु. १०० धरू. एकूण महिन्याचा खर्च रु. १,४३० झाला.

आता विक्री. दहा रुपयांच्या पासातले सहा रुपये आपल्याला आणि चार कंपनीला, असा करार झाला असे समजू. तर रु. १,४३० भरून निघायला महिन्याला सुमारे २४० पास विकले पाहिजेत. म्हणजे रोजचे आठ. आठपर्यंत आपण फक्त लाइनचे बिल भरत आहोत. नववा पास विकला की नफा सुरू.

रोज दहा पास गेले तर महिन्याला रु. १,८०० आले. शिवाय रु. ७५ चे महिन्याचे पंधरा पास विद्यार्थ्यांनी घेतले, तर आपल्या वाट्याला रु. ६७५ आले. एकूण रु. २,४७५. खर्च वजा जाता हाती राहिले रु. १,०४५. म्हणजे रोजचे पस्तीस रुपये. यावर घर चालणार नाही, हे उघड आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. ज्या दुकानदाराला बिलासाठी, ऑनलाइन फॉर्मसाठी, तिकिटांसाठी आधीच घरगुती दराची लाइन लागते, तो जी.एस.टी.सह रु. ५९० आजही भरतोच आहे. त्याचे स्वतःचे कामही नव्या लाइनीवर चालले, तर वाय-फायसाठी त्याचा वाढीव खर्च फक्त रु. ८४० उरतो. तो रोजच्या पाच पासांत निघतो. आणि अर्धा तास दुकानात बसलेले गिऱ्हाईक चहा घेते, झेरॉक्स काढते, मोबाईलचे कव्हर बघते. खरी बरकत तेथे आहे.

म्हणून आमचे मत असे. मोबाईल दुरुस्तीचे दुकान, झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवा केंद्र, चहा-नाश्त्याचे हॉटेल, बेकरी, केशकर्तनालय, अभ्यासिका, लॉज, यांनी हा जोडधंदा जरूर तपासून पाहावा. ज्याच्या दुकानात गिऱ्हाईक पाच मिनिटेही थांबत नाही, त्याने त्यात पडू नये. आणि यासाठी कोणीही व्याजाने पैसे काढू नयेत. पाच-सहा हजार रुपये गल्ल्यातून बाजूला काढता येत नसतील, तर थोडे थांबावे.

सामान कसे लावावे?

कोकणातली घरे आणि दुकाने जांभ्या दगडाची. चिऱ्याची जाड भिंत वाय-फायची लहर बरीच अडवते आणि पत्रा तर जवळजवळ पूर्ण अडवतो. म्हणून यंत्र आतल्या खोलीत, लोखंडी कपाटामागे ठेवू नये. उंचावर, दर्शनी बाजूला, जेथे गिऱ्हाईक बसते त्या दिशेला लावावे. ओटीवर किंवा बाहेर लावायचे असेल तर पावसाला टिकणारे, बाहेरच्या वापरासाठीच बनवलेले यंत्र घ्यावे.

यंत्रात दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा लांब जातो आणि भिंतीतून जरा बरा पोचतो, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण जवळच्यापुरता. दोन्ही असलेले यंत्र घ्यावे. हे दोन्ही पट्टे आपल्या देशात विनापरवाना वापरता येतात.

लाइन किती वेगाची घ्यावी? मोबाईलवर साधा व्हिडिओ पाहायला एक ते दीड एम.बी.पी.एस. पुरते. म्हणजे ३० एम.बी.पी.एस.च्या लाइनवर पंधरा-वीस जण एकाच वेळी बसू शकतात. मात्र प्रत्येकाला वेगाची मर्यादा घालून द्यावी, नाहीतर एकच पोरगा मोठा गेम उतरवत बसेल आणि बाकीचे कुरकुरत निघून जातील.

वीज आणि वळीव हे आपल्या भागातले मोठे शत्रू. पावसाळ्यात झाड पडले की वीज जाते. वीज गेली तरी यंत्राला बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर काही तास चालवता येते. पण फायबरच्या पेटीलाही बॅटरी हवी, हे लोक विसरतात. फायबरच्या काचेच्या तारेतून वीज येत नाही, परंतु यंत्राच्या वीजवायरीतून आणि तांब्याच्या नेटवर्क वायरीतून विजेचा तडाखा येतो. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये कडकडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा. दुकानाचे अर्थिंग नीट नसेल तर ते आधी करून घ्यावे. पाचशे रुपयांची काटकसर पाच हजारांचे यंत्र घालवते.

लाइन तुटली तर दुरुस्तीला कोण आणि किती दिवसांत येतो, हे लाइन घेण्याआधी आपल्याच बाजारातल्या दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना विचारावे. ज्याचा माणूस गावात आहे त्याची लाइन थोडी महाग असली तरी घ्यावी. चार दिवस बंद राहिलेल्या वाय-फायकडे महिन्याच्या पासवाला पुन्हा फिरकत नाही.

पासवर्ड वाटू नका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही जण म्हणतील, एवढी भानगड कशाला? घरची लाइन आहे, पासवर्ड कागदावर लिहून द्यायचा आणि दहा रुपये घ्यायचे. आमची कळकळीची विनंती आहे की असे मुळीच करू नये.

एक तर घरगुती लाइन परस्पर विकायला परवानगी नसते. पण त्याहून मोठा धोका दुसरा आहे. आपल्या लाइनवरून कोणी धमकीचा मेल पाठवला, कोणाच्या खात्यातले पैसे लुबाडले, कोणाची बदनामी केली, तर पोलीस प्रथम कोणाच्या दारात येतात? लाइन ज्याच्या नावावर आहे त्याच्या. २००८ साली अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या वाय-फायवरून गेल्याचे आढळले. वाय-फाय नीट बंदिस्त नव्हते, दुसऱ्याच कोणी ते वापरले होते. त्या गृहस्थाचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, तरी चौकशीला तोंड त्याला द्यावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे नियम काढले.

आमच्या समाजातल्या दुकानदाराने या बाबतीत दुप्पट सावध असावे, हे वेगळे सांगायला नको. निर्दोष सुटणे ही एक गोष्ट आणि चौकशीच्या दिवसांत दुकान बंद राहणे, गावात चर्चा होणे ही दुसरी गोष्ट. पी.एम.-वाणीत प्रत्येक गिऱ्हाइकाची नोंद त्याच्या मोबाईल नंबरावर, ओ.टी.पी. घेऊन होते, आणि कोण कधी आले याची नोंद जोडणारी कंपनी ठेवते. हीच दुकानदाराची ढाल आहे. त्या कंपनीला दिलेला चार रुपयांचा वाटा म्हणूनच वाया गेला असे समजू नये. दुकानाचे स्वतःचे बिलाचे आणि बँकेचे काम मात्र गिऱ्हाइकांच्या वाय-फायवर करू नये. त्यासाठी वेगळे नाव, वेगळा पासवर्ड ठेवावा. कंपनीचा माणूस हे लावून देतो.

फसवणाऱ्यांपासून सावध

‘तुमच्या जागेत मोबाईल टॉवर बसवतो, महिन्याला एवढे भाडे, आधी अनामत भरा’ अशा थापांनी किती जण बुडाले हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे. सरकारी नाव असलेल्या योजनेत असे लोक हमखास शिरतात. कोणी पी.एम.-वाणीची ‘सरकारी एजन्सी’ देतो म्हणून पन्नास हजार मागितले, दरमहा हमखास वीस हजारांचे उत्पन्न सांगितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. सरकार पी.डी.ओ.कडून एक पैसाही फी घेत नाही. यंत्राचे पैसे पक्क्या बिलाशिवाय देऊ नयेत. करार करताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : आपला वाटा किती, तो किती दिवसांनी खात्यात येणार, आणि सोडायचे झाल्यास यंत्र कोणाचे. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. दुकानाची जी.एस.टी. नोंदणी असेल तर हे उत्पन्नही त्याच वहीत दाखवावे.

आधी पंधरा दिवस वही ठेवा

शेवटी एक सोपी कसोटी सांगतो. तिला एक रुपया लागत नाही. एक वही घ्यावी आणि पंधरा दिवस गल्ल्याजवळ ठेवावी. रोज तीन आकडे लिहावेत. दुकानात किंवा ओटीवर वीस मिनिटांहून जास्त किती जण थांबले? त्यांतले किती जण मोबाईल वर करून रेंज शोधत होते? आणि ‘जरा हॉटस्पॉट द्या’ असे किती जणांनी विचारले? आठवडी बाजाराचा दिवस, शुक्रवार, रविवार यांची नोंद वेगळी करावी.

पंधरा दिवसांनी बेरीज करावी. रोज थांबणारे वीस-पंचवीस आणि रेंज शोधणारे किंवा मागणारे सात-आठ भरले, तर लाइनची चौकशी करायला हरकत नाही. दोन-तीनच भरले तर वही मिटावी आणि ते पाच हजार रुपये दुकानात मालासाठी घालावेत. पंधरा दिवस गल्ल्याशी बसून जे दिसेल ते कोणत्याही एजंटाच्या बोलण्यापेक्षा खरे समजावे.